कात्सुरा रिक्यू पाहायला जाताना: अर्जापासून बागेतल्या वाटेपर्यंत

क्योटोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी किन्काकुजीचे सोनेरी मंदिर, फुशिमी इनारीची शेंदरी तोरणे आणि आराशियामाचे बांबूवन पाहून परततात. कात्सुरा नदीच्या पश्चिम तीरावरचा कात्सुरा रिक्यू, म्हणजे जपानी राजघराण्यातल्या राजपुत्रांनी सतराव्या शतकात बांधलेला वाडा आणि त्याभोवतीची बाग, त्यांच्या यादीत क्वचितच असते. वास्तविक जपानी वास्तुकला आणि उद्यानकला समजून घ्यायची असेल तर क्योटोत मी सर्वांत आधी हेच ठिकाण सुचवीन. अडचण एवढीच की येथे मनात आले आणि गेलो असे होत नाही. ही जागा राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या इम्पीरियल हाउसहोल्ड एजन्सीच्या ताब्यात आहे, प्रवेशाला परवानगी लागते, आणि आत तुम्हाला सुमारे तासाभराचाच वेळ मिळतो. त्यामुळे ही भेट चांगली होणार की नाही हे बरेचसे घरी बसूनच ठरते: अर्ज वेळेवर गेला का, आणि त्या तासात काय पाहायचे हे आधी माहीत होते का. पुढची माहिती याच दोन गोष्टींभोवती रचली आहे.

१. ही जागा आपल्यासाठी आहे का, हे आधी ठरवा

कात्सुराचा मूळ कर्ता राजपुत्र हाचिजो तोशिहितो (१५७९–१६२९). सम्राट गो-योझेई यांचा हा धाकटा भाऊ. त्या काळचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने त्याला दत्तक घेतले होते. पण १५८९ मध्ये हिदेयोशीला स्वतःचा मुलगा झाला, दत्तक मोडले आणि तोशिहितोसाठी हाचिजो हे वेगळे राजघराणे उभे करून देण्यात आले. सत्तेच्या इतक्या जवळ जाऊन दूर झालेल्या या माणसाने काव्य आणि विद्या यांत मन रमवले व साधारण १६१५ नंतर कात्सुराच्या काठी वाडा बांधायला घेतला. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षे बाग दुर्लक्षित राहिली. पुढे मुलगा तोशितादा (१६१९–१६६२) याने, कागा प्रांताच्या श्रीमंत माएदा घराण्यातील कन्येशी विवाह झाल्यावर, वाड्याची आणि चहागृहांची भर घालून ती आजच्या रूपाला आणली. घराण्यात वारस उरला नाही तेव्हा १८८३ मध्ये ही वास्तू राजदरबाराच्या खात्याकडे गेली आणि तेव्हापासून ती ‘रिक्यू’, म्हणजे मुख्य राजवाड्यापासून वेगळा वाडा, म्हणून ओळखली जाते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे समजून घ्या: वाड्याच्या आत प्रवेश मिळत नाही. कानो घराण्यातील चित्रकारांनी रंगवलेली दालने, नव्या वाड्यातली प्रसिद्ध फडताळे, हे सारे पुस्तकांतच पाहावे लागते. तुम्ही पाहता ती बाग, चहागृहे आणि वाड्याची बाहेरची बाजू. सोन्याचा मुलामा, भव्य कमानी, फुलांचे ताटवे यांपैकी येथे काही नाही. ज्यांना हिरव्या रंगाच्या पन्नास छटा, दगड, पाणी, लाकूड आणि कागद यांत तासभर रमता येते त्यांनाच येथे आणा. सोबतच्या मंडळींना यात रस नसेल तर त्यांना त्या सकाळी आराशियामाला पाठवणे दोन्ही पक्षांच्या हिताचे.

बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश दिला जात नाही. लहान मूल सोबत असेल तर आई-वडिलांपैकी एकाला बाहेर थांबावे लागेल, याची तजवीज आधी करा. वाट सुमारे एक किलोमीटरचीच आहे, पण तिच्यात उंचसखल दगड, लहान पायऱ्या आणि कठडे नसलेले पूल आहेत. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना हे चालणे जड जाते, कारण गटाच्या गतीनेच चालावे लागते आणि मध्येच परतता येत नाही.

२. काय काय लागेल

– मूळ पासपोर्ट, जातील त्या सर्वांचा. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो यावर भिस्त ठेवू नका.
– परवानगीचा मेल, शक्यतो छापून. त्यावर परवानगीचा क्रमांक असतो.
– प्रवेशशुल्क: १८ वर्षे व त्यावरील व्यक्तींना १,००० येन, त्याहून लहानांना शुल्क नाही. ते अर्ज करताना नव्हे, तर त्या दिवशी तिथेच भरायचे असते. रोख येन जवळ ठेवा.
– सपाट तळाचे, घट्ट बसणारे बूट. चप्पल, सँडल आणि उंच टाचा नकोत. साडी नेसणार असाल तर थोडी आखूड नेसा, कारण निऱ्या पायदगडांवर हमखास पायात येतात.
– घडीची छत्री. पाऊस आला म्हणून फेरी रद्द होत नाही.
– तात्पुरता ईमेल पत्ता नव्हे, तर तुम्ही रोज उघडता तो पत्ता. सारा व्यवहार त्यावरच होतो.

ट्रायपॉड, सेल्फी काठी आणि मोठी बॅग हॉटेलातच राहू द्या. त्याच दिवशी शहर सोडणार असाल तर क्योटो स्टेशनवरच्या कॉइन लॉकरमध्ये सामान ठेवून या.

३. व्हिसा आणि बागेची परवानगी यांचा मेळ घाला

भारतीय पासपोर्टवर जपानला जायला व्हिसा लागतो आणि एकवेळच्या प्रवेशाचा व्हिसा सामान्यतः दिल्याच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. कात्सुराचे ऑनलाइन अर्जही साधारण तीन महिने आधी उघडतात. म्हणून क्रम असा ठेवा: प्रथम क्योटोतले दिवस नक्की करा, मग कात्सुराचा अर्ज करा, आणि नंतर व्हिसाचे कागद द्या. व्हिसासाठी दिवसवार प्रवासाचा आराखडा द्यावा लागतोच. त्यात कात्सुराची तारीख घालता येते. उलट बाजूने मात्र काही जुळत नाही. बागेची परवानगी हाती आहे म्हणून व्हिसा लवकर मिळतो असे नाही आणि व्हिसा आहे म्हणून बाग उघडत नाही. ही दोन खाती वेगळी आहेत.

४. ऑनलाइन अर्ज: येथेच बहुतेकांची गाडी अडते

अर्ज एजन्सीच्या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीत भरता येतो आणि अर्जासाठी वेगळे शुल्क नाही. कात्सुरा, शुगाकुइन रिक्यू आणि सेन्तो राजवाडा या क्योटोतल्या तिन्ही ठिकाणांसाठी एकच यंत्रणा आहे, त्यामुळे ठिकाण निवडताना नाव दोनदा वाचा. इंटरनेटवर ‘कात्सुराची तिकिटे’ चढ्या भावाने विकणारी पाने दिसली तर तिकडे वळू नका; परवानगी व्यक्तीच्या नावावर असते आणि ती दुसऱ्याला देता येत नाही.

पहिली अडचण तारखेची. ज्या महिन्यात जायचे त्याच्या तीन महिने आधीच्या महिन्याच्या १ तारखेला, जपानी वेळेनुसार पहाटे ५ वाजता, त्या संपूर्ण महिन्याचे अर्ज खुले होतात. म्हणजे नोव्हेंबरातली कोणतीही तारीख हवी असेल तर १ ऑगस्ट. जपानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असल्यामुळे ती वेळ भारतात रात्री दीडची होते. ‘१ तारखेला सकाळी उठून करू’ असे म्हणणाऱ्याला नोव्हेंबरातल्या शनिवार-रविवारच्या जागा बहुधा दिसत नाहीत. ३१ जुलैची रात्र उलटली की जागे राहायचे, हे लक्षात ठेवा. दुबई किंवा लंडनहून अर्ज करणाऱ्यांनी आपापला हिशेब आधी करून ठेवावा. जानेवारी-फेब्रुवारी किंवा कामाच्या दिवसांतली फेरी हवी असेल तर एवढी घाई नसते, सावकाश उठून भरलात तरी चालते.

दुसरी अडचण नावाची, आणि ही खास आपली आहे. मराठी माणसाच्या भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या रकान्यात स्वतःच्या नावाबरोबर वडिलांचे किंवा पतीचे नावही बहुधा असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. अर्जात ते जसेच्या तसे भरा. सवयीने मधले नाव गाळून फक्त नाव-आडनाव लिहिले, किंवा लग्नानंतर बदललेले आडनाव पासपोर्टवर नसताना अर्जात लिहिले, की फाटकावर उगाच प्रश्न उभे राहतात. एका अर्जात चार जणांपर्यंत नावे देता येतात, आणि एकदा दिलेल्या नावाऐवजी ऐनवेळी दुसऱ्याला नेता येत नाही. मावशी येणार की काका, हा घरातला वाद अर्जाआधीच मिटवा.

तिसरी गोष्ट भाषेची. प्रत्येक फेरीला मार्गदर्शक असतो. कोणत्या वेळेची फेरी कोणत्या भाषेत आहे हे वेळ निवडताना तपासा. जपानी भाषेतली फेरी मिळाली तरी सोडू नका. सोबत ऐकायला ध्वनिमार्गदर्शक मिळू शकतो, आणि खरे सांगायचे तर या बागेत ऐकण्यापेक्षा पाहणे जास्त आहे.

अर्ज पाठवल्यावर येणारा पहिला मेल ही पोच असू शकते. परवानगी वेगळी असते. मजकूर पूर्ण वाचा, क्रमांक आहे का पाहा, आणि मेल स्पॅमच्या फोल्डरमध्ये तर गेला नाही ना हेही तपासा. बेत रद्द झाला तर परवानगीही रद्द करा, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला मिळेल.

सोमवार हा सुटीचा वार आहे. सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर त्या दिवशी बाग उघडी राहून दुसऱ्या दिवशी बंद असते. २८ डिसेंबर ते ४ जानेवारी हे दिवसही बंद. नाताळच्या सुटीत जपानला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. जागा मिळाली नाही तर: त्याच दिवसाचा मार्ग

ऑनलाइन जागा संपल्या म्हणजे सारे संपले असे नाही. काही जागा त्याच दिवशी कात्सुराच्या फाटकावर, आधी येईल त्याला आधी, या नियमाने दिल्या जातात. त्यासाठी स्वतः पासपोर्ट घेऊन हजर राहावे लागते. एकाने रांगेत उभे राहून सगळ्यांची नावे लावणे येथे चालत नाही. वाटप केव्हा सुरू होते ती वेळ आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहून घ्या आणि त्याआधी जाऊन उभे राहा. मिळणारी फेरी दुपारचीही असू शकते, म्हणून त्या दिवशी दुसरे काही पक्के ठरवू नका. क्योटोच्या गोशो, म्हणजे जुन्या राजवाड्याच्या, परिसरातील एजन्सीच्या कार्यालयातही पुढच्या तारखांसाठी प्रत्यक्ष अर्ज करता येतो. क्योटोत पाच-सहा दिवस मुक्काम असणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

६. कोणता महिना

नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा पहिला आठवडा हा मेपलच्या लाल पानांचा काळ, गर्दीही तेव्हाच. मे महिन्यात हवा सुखद असते. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, आणि माझ्या मते शेवाळाची खरी श्रीमंती तेव्हाच दिसते. कोकणात वाढलेल्याला तो पाऊस काही घाबरवणार नाही. जुलैअखेर ते ऑगस्ट मात्र टाळा, क्योटो डोंगरांच्या खोलगट भागात असल्याने उकाडा असह्य होतो. हिवाळ्यात पाने गळलेली असतात, पण त्यामुळेच वाड्याचा आणि तळ्याचा आराखडा स्पष्ट दिसतो. दिवसाच्या वेळांपैकी सकाळची पहिली किंवा दुपारची उशिराची फेरी मिळाली तर घ्या. भरदुपारी पांढऱ्या कागदी भिंतींवर ऊन फार तळपते.

७. पोहोचायचे कसे

सर्वांत सोपा मार्ग हान्क्यू रेल्वेच्या क्योटो मार्गावरील कात्सुरा स्टेशन. येथे जलद गाड्याही थांबतात, आणि पूर्वेकडच्या बाजूने बाहेर पडून चालत सुमारे वीस मिनिटे लागतात. येथे दोन सापळे आहेत. हान्क्यूची गाडी क्योटो स्टेशनातून सुटत नाही. ती कावारामाची आणि कारासुमा भागातून जाते आणि जे.आर. (जपान रेल्वे) पास तिच्यावर चालत नाही. दुसरा सापळा असा की जे.आर.च्या मार्गावर ‘कात्सुरागावा’ नावाचे स्टेशन आहे आणि नकाशात नाव शोधताना तेच पहिले येऊ शकते. तेथे उतरलात तर वाडा बराच दूर राहतो आणि फेरीची वेळ हुकते.

क्योटो स्टेशनवरूनच निघायचे असेल तर ३३ क्रमांकाची सिटी बस ‘कात्सुरा रिक्यू-माए’ थांब्यावर सोडते, तेथून चालत सुमारे आठ मिनिटे. रस्त्यावरच्या वाहतुकीमुळे बसला उशीर होऊ शकतो, म्हणून अर्धा तास जादा धरा. फेरी सुरू झाल्यावर आलेल्याला आत घेत नाहीत, कारण गट एकत्रच चालवला जातो. तुमच्या वेळेआधी किमान पंधरा मिनिटे फाटकावर असलेच पाहिजे.

मी तर पाऊण तास आधी पोहोचा असे सांगेन, त्याचे कारण नदीकाठचे कुंपण. नदीच्या बाजूने वाड्याला जे कुंपण आहे ते जिवंत बांबूचे आहे: आत उगवलेल्या बांबूंचे शेंडे बाहेरच्या बाजूला वाकवून, विणून, पाल्यासकट जाळीवर बांधलेले. ते तोडलेल्या लाकडाचे कुंपण नव्हे. दरवर्षी वाढते आणि दरवर्षी माळ्यांना हात लावावा लागतो. पुढे मुख्य फाटकाच्या बाजूला गेलात की कुंपण बदलते. तेथे बांबूच्या बारीक फांद्या आडव्या दाबून भरलेल्या आणि त्यांवर तिरप्या कापलेल्या टोकांचे उभे बांबू. हे दोन्ही रस्त्यावरून, परवानगीशिवाय, फुकट आणि निवांत पाहता येते, आणि आत गेल्यावर त्याकडे परत येता येत नाही. फेरी मुख्य फाटकातून सुरू होत नाही. पाहुण्यांचा प्रवेश बाजूच्या फाटकातून आहे.

८. प्रतीक्षागृहात

पासपोर्ट आणि परवानगी दाखवून, शुल्क भरून तुम्ही प्रतीक्षागृहात बसता. येथे बागेची चित्रफीत दाखवतात, ती पाहा. स्वच्छतागृह येथेच वापरून घ्या, पुढच्या तासाभरात संधी नाही. फोन मूक करून ठेवा. वाटेवरून छायाचित्रे काढायला मनाई नाही, पण थांबून दहा-दहा फोटो काढता येत नाहीत: पुढे मार्गदर्शक आणि मागे एक कर्मचारी, आणि मागच्याचे कामच कोणी रेंगाळू नये हे पाहणे.

येथून पुढे पाळायचा एकच कडक नियम: दगडावरच पाय ठेवा. शेवाळावर पडलेले पाऊल महिनोन्‌महिने दिसते. वाटेत काही ठिकाणी नारळाएवढा एक गोल दगड पायदगडाच्या मधोमध ठेवलेला दिसेल, काळ्या दोरीने चौफुली बांधलेला, किराणा दुकानातला सुतळी बांधलेला पुडा असावा तसा. तेवढा दगड म्हणजे ‘येथून पुढे जाऊ नये’ अशी पाटी. त्याला ओलांडू नका आणि कुतूहलाने उचलूही नका. पाट्यांनी बाग न भरता मनाई सांगण्याची ही रीत मला फार आवडली.

९. आतली वाट: कुठे पाहायचे

कात्सुराची बाग एका जागी उभे राहून पाहायची नाही. मधोमध तळे, त्यात बेटे, भोवती वाट, आणि वाटेवर चालताना दृश्य लपवायचे आणि अचानक उघडायचे ही तिची पद्धत. वाटेवरचे पायदगड मुद्दाम अरुंद आणि असमान ठेवलेले आहेत, म्हणजे चालणारा मान खाली घालतो. जेथे मोठा सपाट दगड येतो तेथे पाय स्थिरावतो, मान वर होते, आणि नेमके तेथेच दृश्य मांडलेले असते. म्हणून मोठा दगड आला की कॅमेरा नाही, आधी डोळे वर करा. हे एवढे जरी लक्षात ठेवलेत तरी तुमचा तास सत्कारणी लागेल.

सुरुवातीलाच तळ्याकडे जाणाऱ्या एका छोट्या जिभेसारख्या भूभागाच्या टोकाला एक पाइन वृक्ष आहे. तो नेमका तळ्याच्या आड उभा आहे आणि हे मुद्दाम आहे. पाहुण्याला तळे लगेच दिसू नये म्हणून. नवखा माणूस त्या झाडाला चुकवून वाकून पाहू लागतो. तसे करू नका, पुढे तेच तळे तुम्हाला चार दिशांनी दिसणार आहे.

पुढे मियुकी-मिची ही बारीक काळसर खड्यांची वाट. पावसात ती ओली झाली की तिचा रंग खुलतो आणि तिला मधोमध किंचित फुगवटा असल्याने पाणी थांबत नाही. नंतर येते बाहेरचे प्रतीक्षास्थान: गवती छपराखाली एक बाक, चहासाठी बोलावलेल्या पाहुण्यांनी यजमानाची वाट पाहायची जागा. बाकासमोर टेकडीवर दक्षिणेकडचे सायकस वृक्ष आहेत, ते सात्सुमाच्या शिमाझु घराण्याने भेट दिले असे सांगतात. हिवाळ्यात गेलात तर थंडी लागू नये म्हणून त्यांना गवताचे अंगरखे बांधलेले दिसतात. आपल्याकडच्या बंगल्यांच्या अंगणात सायकस इतका सामान्य आहे की येथे त्याचे एवढे कौतुक पाहून मौज वाटते. या बाकासमोरची लांब फरसबंदी खाली वाकून पाहा: सरळ कापलेले दगड आणि नैसर्गिक आकाराचे दगड एकमेकांत बसवलेले. वाड्याच्या दारापाशी केवळ कापीव दगडांची औपचारिक मांडणी आहे आणि शोइकेन या चहागृहापाशी सगळे ओबडधोबड. औपचारिक, मध्यम, सैल अशा तीन पायऱ्या एकाच बागेत पायाखाली ठेवल्या आहेत. हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि मार्गदर्शक घाईत असेल तर तो सांगतही नाही.

मग वाट वळते आणि तळे उघडते. समोर काळ्या चपट्या खड्यांचा एक टोकदार किनारा पाण्यात शिरलेला आणि टोकाला एक बुटका दगडी दिवा, दीपगृहाच्या जागी. त्याच्यामागे लहान बेटे पुलांनी जोडलेली. जपान समुद्राकाठच्या आमानोहाशिदाते या प्रसिद्ध वाळूच्या पट्ट्याची ही आठवण. मोठा समुद्रकिनारा काही पावलांत बसवायचा ही कल्पना येथे सर्वांत यशस्वी झाली आहे. पुढचा पूल अखंड दगडाच्या एकाच लांब शिळेचा आहे, सुमारे सहा मीटर. कठडा नाही. येथे फोटोचा मोह आवरा आणि पाय पाहा.

पूल ओलांडला की शोकिनतेई. कात्सुराच्या चहागृहांतले हे सर्वांत महत्त्वाचे, आणि माझ्या मते संपूर्ण फेरीचा कळस. बाहेरून गवताचे छप्पर, साल न काढलेले खांब, मातीच्या भिंती; आणि आत नजर गेली की भिंतीवर निळ्या-पांढऱ्या कागदाचे मोठे चौकटे बुद्धिबळाच्या पटासारखे. इतक्या निरिच्छ बागेत हा ठळक निळा इतका धिटाईचा आहे की साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा वाटतच नाही. येथे गट दोन-चार मिनिटे थांबतो. त्यातली पहिली मिनिटे आतली रंगसंगती पाहण्यात घालवा, मग पाठ फिरवून ओसरीकडून तळे पाहा. छपराखाली ओसरीवरच चूल आणि स्वयंपाकाची फळी आहे. यजमान पाहुण्यांसमोरच रांधत असे.

वाट पुढे चढते आणि सर्वांत उंच जागी शोकातेई लागते, घाटातल्या चहाच्या टपरीचा बाज असलेले. तेथून उतरताना कौलारू छपराचे ओनरिनदो हे स्मृतिमंदिर दिसते. साऱ्या गवती-सालीच्या छपरांत कौल येथेच, म्हणून ते वेगळे उठून दिसते. नंतर शोइकेन, बांधणी शेतकऱ्याच्या घराची. प्रवेशाच्या दर्शनी भिंतीवर वर एका ओळीत सहा गोल खिडक्या आहेत, आणि मागल्या खिडकीतून बागेबाहेरची भातशेते दिसतात. ती शेते वाड्याच्या परिसराचाच भाग म्हणून जपली आहेत, नाहीतर त्या खिडकीतून आज इमारती दिसल्या असत्या.

शेवटी हिरवळीवरून वाडा दिसतो. तीन मुख्य इमारती, जुना शोइन (शोइन म्हणजे राहण्या-बसण्याची दालने असलेली इमारत), मधला शोइन आणि नवा वाडा, एका रेषेत नसून प्रत्येक थोडी मागे सरकलेली आहे. उडणाऱ्या रानहंसांच्या माळेप्रमाणे असे तिथे म्हणतात. नवा वाडा निवृत्त सम्राट गो-मिझुनोओ यांच्या भेटीसाठी बांधला असे परंपरेने सांगतात. जमीन उंच खांबांवर उचललेली आहे, कारण कात्सुरा नदीला पूर येतात. सौंदर्य म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्याचा उगम पुष्कळदा पाण्याच्या भीतीत असतो. जुन्या शोइनच्या पुढे बांबूचा उघडा चौथरा आहे, शरदातला चंद्र उगवताना पाहण्यासाठी. शेजारच्या गेप्पारो चहागृहाचे आतले छप्पर नावेच्या तळासारखे आहे. ते बाहेरून मान उंचावून पाहता येते.

१९३३ मध्ये जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट जपानला पोहोचले आणि ४ मे रोजी, आपल्या वाढदिवशी, येथे आले. निक्कोच्या तोशोगू या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, सोन्याने मढवलेल्या स्मारकाशी तुलना करून त्यांनी कात्सुराची साधेपणाची बाजू जगापुढे मांडली. आधुनिक वास्तुकलेच्या लोकांनी त्यानंतर कात्सुराला डोक्यावर घेतले, आणि मग येथे निव्वळ साधेपणाच पाहायची सवय लागली. शोकिनतेईचा निळा पाहिल्यावर ते पूर्ण खरे नाही हे तुमचे तुम्हालाच कळेल. तसेच, ही बाग कोबोरी एन्शू या कलावंताने रचली ही गोष्ट अनेक पुस्तकांत आहे. तिला भक्कम पुरावा नाही. श्रेय पिता-पुत्रांचे आणि त्यांच्या नामहीन माळ्या-सुतारांचे. मुख्य वाडा १९७६ ते १९८२ या काळात सुटा करून पुन्हा उभारण्यात आला, त्यामुळे आज दिसणारे लाकूड इतके नीटस आहे.

१०. बाहेर पडल्यावर

कात्सुरा पुलाच्या पलीकडच्या टोकाला नव्हे, वाड्याच्याच बाजूला नाकामुराकेन हे १८८३ पासूनचे मिठाईचे दुकान आहे. तेथला मुगितेमोची म्हणजे तांदळाच्या मोचीची घडी, आत गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचे सारण आणि वर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ. पूर्वी शेतकरी ती शेतावर मागवून खात आणि सुगीनंतर गव्हाने दाम चुकवत. शाकाहारी मंडळींना जपानी जेवणात माशाच्या रश्श्याची धास्ती असते. येथे ती नाही. बाकी जेवणासाठी स्टेशनाजवळ परत जाणेच बरे.

उरलेला दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला घालवण्यापेक्षा याच बाजूला काढा. कात्सुरा स्टेशनातून हान्क्यूची छोटी शाखा आराशियामाला जाते. वाटेत कामि-कात्सुराजवळ साइहोजी हे शेवाळाचे मंदिर आहे, पण त्यालाही आगाऊ अर्ज लागतो. दोन्ही परवानग्या एकाच दिवशी घेताना मध्ये किमान अडीच तास ठेवा.

आणि कात्सुराची परवानगी कोणत्याच मार्गाने मिळाली नाही तर शुगाकुइन रिक्यूचा अर्ज करा. गो-मिझुनोओ यांनीच सतराव्या शतकाच्या मध्यात हिएई पर्वताच्या पायथ्याशी रचलेल्या या बागेत तीन वेगवेगळ्या उंचीवरची आवारे आहेत, मध्ये शेते आहेत, प्रवेश विनाशुल्क आहे आणि तुलनेने जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. फेरी मात्र तीन किलोमीटरच्या आसपास आणि चढणीची आहे. तेही जमत नसेल तर क्योटोचा जुना राजवाडा, गोशो, २०१६ पासून अर्जाशिवाय खुला आहे. सोमवारी तो बंद असतो; एरवी फाटकावर पिशवी तपासतात आणि आत सोडतात.